मोकळ्या फेकीचे ओझे

बास्केटबॉल हा धावपळीचा खेळ. दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू श्वास घ्यायलाही उसंत न मिळता या टोकाकडून त्या टोकाकडे पळत असतात. चेंडू हातात आला की समोर कोणाचे तरी दोन हात आडवे येतातच. पण या गदारोळात मधूनच एक क्षण असा येतो, की पंच शिट्टी वाजवतात आणि सगळे थांबते. कोणीतरी कोणाला तरी नियमाबाहेर ढकललेले असते. मग ज्याला ढकलले, तो एका रेघेमागे जाऊन उभा राहतो. बाकीचे दोन्ही बाजूंना शिस्तीत उभे राहतात. चेंडू त्याच्या हातातून सुटेपर्यंत त्यांनी जागचे हलायचे नसते. समोर पंधरा फुटांवर बोर्ड, त्याला दहा फूट उंचीवर लावलेली लोखंडी रिंग, आणि मध्ये कोणीही नाही. नेम धरायचा आणि फेकायचे. आत गेला तर एक गुण. याला म्हणतात 'फ्री थ्रो', मोकळी फेक.

फुटबॉलच्या पेनल्टीत समोर निदान गोलरक्षक असतो. क्रिकेटमध्ये फ्री हिट मिळाली तरी गोलंदाज धावत येतोच. इथे मात्र कोणीच नाही. अंतर ठरलेले, उंची ठरलेली, जागा ठरलेली. गल्लीतल्या पोराला जी फेक करायची असते तीच जगज्जेत्यालाही करायची असते. आणि तरीही गंमत अशी, की अमेरिकेच्या 'एनबीए'मध्ये कोट्यवधी डॉलर मिळवणारे, दिवसाचे कितीतरी तास सराव करणारे खेळाडू या मोकळ्या फेकींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाया घालवतात. १९७० पासूनची तिथली सरासरी पाहिली तर ती पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपासच घुटमळताना दिसते. या काळात खेळाडूंचा आहार बदलला, बूट बदलले, प्रशिक्षणात संगणक आले. ही सरासरी मात्र फारशी हलली नाही.

आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे, जो आकडा वर्षानुवर्षे हलत नाही त्याच्याकडे माझे लक्ष आधी जाते. एखादे खाते निपचित पडलेले असेल तर त्यामागे बहुधा काहीतरी घरगुती गोष्ट असते. मृत्यू असतो, भांडण असते, नाहीतर कसली तरी लाज असते. या आकड्यामागे काय असावे, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे.

हा खेळ मी स्वतः खेळलेलो नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली तेव्हा बँकेत जाण्यापूर्वी, दाढी करता करता अमेरिकेतले सामने पाहायची सवय लागली. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. आता आठवीतली नात शाळेच्या संघात खेळते, म्हणून संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसणे आले. कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला खेळातले डावपेच कळोत न कळोत, फ्री थ्रो मात्र पूर्ण कळतो. कारण तेव्हा बघायला एकच माणूस असतो आणि त्याचा चेहरा स्पष्ट दिसतो.

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ जन्माला घातला, तेव्हा त्यात मोकळी फेक नव्हतीच. त्यांच्या तेरा नियमांत धसमुसळेपणाला शिक्षा होती, पण ती वेगळी होती: एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की दुसऱ्या संघाच्या नावावर एक गोल मांडायचा. म्हणजे व्यवहार परस्पर मिटायचा. काही वर्षांतच फ्री थ्रो आला. आधी तो वीस फुटांवरून टाकत, मग रेघ पंधरा फुटांवर आणली. ती आजतागायत तिथेच आहे. पण तेव्हा एक सोय होती. फाउल कोणावरही होवो, संघातला जो या कामात पटाईत असेल त्याने सगळ्यांच्या फेकी टाकायच्या. एखाद्या घरात बोलका माणूस एकच असतो आणि सोयरिकीची बोलणी करायला सगळे त्यालाच पुढे करतात, तसेच हे. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत ही सोय बंद झाली. ज्याला लागले, त्यानेच फेकायचे, असा नियम आला. मला वाटते, त्या दिवशी हा फ्री थ्रो खऱ्या अर्थाने अवघड झाला.

नाहीतर त्याचे गणित तसे सोपे आहे. रिंगची आतली रुंदी ४५ सेंटिमीटर आणि चेंडूची जाडी सुमारे २४ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू सरळ वरून खाली आला तर त्याला ऐसपैस जागा आहे. पण चेंडू तिरका येतो. ताट तिरके धरून पाहिले तर ते गोल न दिसता लांबट दिसते, तशी येणाऱ्या चेंडूला ती रिंग चपटी होत जाते. ४५ अंशांत आला तर त्याच्या वाट्याला ३२ सेंटिमीटरच्या आसपास फट येते. ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी. मग तो रिंगला धडकल्याशिवाय राहणारच नाही. म्हणून चेंडू उंच कमानीत टाकायचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातले लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाउ ट्रॅन यांनी २००८ मध्ये संगणकावर लाखो फेकी मांडून हिशेब केला. त्यांच्या मते चेंडू ५२ अंशांच्या कोनात सोडावा, त्याला उलटी फिरकी द्यावी, सेकंदाला साधारण तीन फेऱ्या, आणि नेम रिंगच्या मागच्या कडेकडे धरावा. हे सगळे आता कोणत्याही प्रशिक्षकाला ठाऊक असते. मग उरले काय? उरला तो रेघेमागे एकटा उभा असलेला माणूस.

त्या माणसाचे काय काय होते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

पहिले १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातले. सोव्हिएत संघ अमेरिकेपेक्षा एका गुणाने पुढे होता, ४९–४८. तीन सेकंद उरली असताना अमेरिकेचा डग कॉलिन्स चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावला. सोव्हिएत खेळाडूने त्याला असे काही पाडले की तो थेट बास्केटच्या खांबावर जाऊन आदळला आणि क्षणभर सुन्न पडला. उठला, आणि दोन मोकळ्या फेकींसाठी रेघेमागे उभा राहिला. पहिली आत गेली. दुसरीच्या ऐन वेळी टेबलावरचा भोंगा वाजला. तरी तीही आत गेली आणि संपूर्ण सामन्यात अमेरिका प्रथमच पुढे आली, ५०–४९. पुढचा घोळ सर्वांना ठाऊक आहे. ती शेवटची तीन सेकंदे पुनःपुन्हा खेळवली गेली, अखेर अलेक्झांडर बेलोव्हने गोल केला आणि सोव्हिएत संघ ५१–५० असा जिंकला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. त्या वादावर आजवर इतके लिहिले गेले, की एका वीस-एकवीस वर्षांच्या, नुकत्याच आपटलेल्या मुलाने त्या गोंधळात दोन्ही नेम साधले, ही गोष्ट मागेच पडली.

दुसरे उदाहरण उलटे आहे. जून १९९५. एनबीएच्या अंतिम फेरीचा पहिला सामना, ऑर्लँडो मॅजिक विरुद्ध ह्यूस्टन रॉकेट्स. शेवटची काही सेकंद उरलेली, ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे, सामना त्यांच्याच घरी. निक अँडरसनला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. एक जरी आत गेली असती तरी सामना जवळजवळ खिशात होता. दोन्ही हुकल्या. परत आलेला चेंडू त्यानेच पकडला, पुन्हा फाउल झाला, पुन्हा दोन फेकी. त्याही हुकल्या. ह्यूस्टनने लगेच तीन गुणांचा गोल करून बरोबरी साधली, जादा वेळेत सामना १२०–११८ असा घेतला आणि पुढे मालिका ४–० अशी जिंकली. अँडरसन तोपर्यंत दहातल्या सात फेकी आत टाकणारा खेळाडू होता. १९९६-९७ च्या मोसमात त्याची टक्केवारी चाळिसावर आली. हात तोच, रेघ तीच, रिंग तीच. चार फेकींना मिनिटही लागले नसेल. पण त्यापुढे दोन वर्षे तो जेव्हा जेव्हा त्या रेघेमागे उभा राहिला असेल, तेव्हा त्या चार फेकी त्याच्याबरोबर उभ्या असणार.

याचे मला नवल वाटत नाही, कारण काउंटरच्या आतल्या बाजूने मी हे रोज पाहिले आहे. सही ही माणसाची मोकळी फेकच असते. जन्मभर केलेली, कोणी आडवे न येणारी, दोन सेकंदांची गोष्ट. पण पैसे काढायच्या स्लिपवरची सही नमुन्याशी जुळली नाही आणि क्लार्कने 'काका, पुन्हा एकदा करा' असे म्हटले, की त्या माणसाचा हात एकदम परका होतो. तो आपल्याच हाताकडे पाहू लागतो. आधीची सही निदान नमुन्याची चुलत बहीण तरी असायची. दुसरी कोणाचीच नातेवाईक नसायची. मागे रांग उभी असते, टोकन घेतलेले लोक बाकावरून माना उंचावून बघत असतात. अशा वेळी जुने पासिंग ऑफिसर एक युक्ती करत. कागद बाजूला सारत, 'मुलगा कुठे असतो आता?' म्हणून विचारत, आणि माणूस मुलाबद्दल बोलू लागला की स्लिप हळूच पुढे सरकवत. बोलता बोलता सही व्हायची, आणि ती जुळायची. हाताला त्याचे काम ठाऊक असते. मालकाने मधे लुडबुड केली की ते बिघडते.

जेफ हॉर्नासेक नावाचा खेळाडू प्रत्येक मोकळ्या फेकीआधी गालावरून हात फिरवायचा. घरी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या मुलांना तो त्याचा नमस्कार असे. आता कळते, तीही 'मुलगा कुठे असतो' याचीच युक्ती होती.

पण बिथरणे वेगळे आणि लाजणे वेगळे. बिथरलेल्या हाताला उपाय असतो. लाजेचे तसे नाही. ती उपाय समोर असून तो घेऊ देत नाही.

माझी नात फ्री थ्रो टाकताना चेंडू खांद्यावरून पुढे ढकलते आणि तो बहुतेक वेळा रिंगच्या अलीकडेच पडतो. आठवीतल्या मुलीच्या मनगटात तेवढा जोर कुठून असणार? मी तिला म्हटले, "दोन्ही हातांनी खालून का नाही टाकत? गुडघे जरा वाकवायचे, झोपाळ्याला झोका द्यावा तसे हात खालून वर आणायचे आणि चेंडू सोडून द्यायचा." ती म्हणाली, "आजोबा, सगळे हसतील." मी पुढे बोललो नाही. कारण नेमक्या याच कारणासाठी या खेळातल्या एका महापुरुषाने, हातात आलेली विद्या टाकून दिली होती.

विल्ट चेंबरलेन हे त्याचे नाव. उंची सात फूट एक इंच. २ मार्च १९६२ च्या रात्री, चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी या गावात, चार हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर, फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळताना त्याने न्यूयॉर्कविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. सहा दशके उलटून गेली तरी तो विक्रम त्याच्याच नावावर राहिला. त्या शंभराची फोड पाहा: ३६ गोलांचे ७२ गुण आणि मोकळ्या फेकींचे २८. बत्तीस फेकींपैकी अठ्ठावीस आत! एरवी फ्री थ्रोमध्ये सर्वांत कच्चा म्हणून तो ओळखला जाई. त्या मोसमात तो चेंडू दोन्ही हातांनी खालून टाकत होता आणि त्याची टक्केवारी ६१ वर गेली होती. त्याच्या कारकिर्दीतली ती सर्वांत चांगली. मग त्याने ती पद्धत सोडून दिली. पुढे १९६७-६८ मध्ये तो ३८ टक्क्यांपर्यंत घसरला.

का सोडली? अमेरिकेत या फेकीला 'ग्रॅनी शॉट' म्हणतात. म्हणजे आजीबाईंची फेक. चेंबरलेनने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले, की खालून टाकताना आपण बायकी दिसतो असे त्याला वाटे. आपण चुकतो आहोत हे त्याला कळत होते, चांगले खेळाडू त्या पद्धतीने टाकतात हेही ठाऊक होते. पण त्याच्याच्याने ते होईना. माझ्यातला बँकवाला इथे कागद-पेन्सिल घेऊन बसला. चेंबरलेनने आयुष्यात ११,८६२ मोकळ्या फेकी टाकल्या आणि ६,०५७ आत घातल्या. म्हणजे ५१ टक्के. सगळ्या फेकी त्या एका मोसमाच्या टक्केवारीने गेल्या असत्या तर सुमारे बाराशे गुण जास्त झाले असते. लाजेची इतकी नेमकी किंमत एरवी कोणत्या खातेवहीत मांडलेली सापडत नाही.

ज्याने ती लाज गिळली त्याचाही हिशेब उपलब्ध आहे. रिक बॅरी. वडिलांनी त्याला खालून टाकायला सांगितले तेव्हा तोही आधी कुरकुरला, ही तर मुलींची पद्धत म्हणून. पण करून पाहिले आणि आयुष्यभर तीच धरली. त्याचे म्हणणे साधे होते. हात एरवी खालीच लोंबत असतात, ते दोन्ही सारखेच वर येतात, आणि चेंडू हळुवार पडतो. रिंगला लागला तरी तिथेच रेंगाळून आत घरंगळतो. १९७८-७९ च्या मोसमात त्याने १६९ फेकी टाकल्या, हुकल्या फक्त नऊ. १९८० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा एनबीएतली त्याची टक्केवारी नव्वद होती आणि त्या वेळी ती सर्वोत्तम होती. १९६७ च्या अंतिम फेरीत हे दोघे समोरासमोर खेळले होते. एक खालून टाकणारा आणि एक ते सोडून दिलेला. ती मालिका चेंबरलेनच्या संघाने जिंकली, हेही सांगायला हवे. मोकळ्या फेकी म्हणजे सगळा खेळ नव्हे. पण चेंबरलेननंतर काही वर्षांनी शकील ओनील हा तसाच धिप्पाड खेळाडू आला. प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाउल करत, कारण त्याच्या दोन फेकींतून सरासरी जेमतेम एक गुण निघे. ५,३१७ फेकी हुकवून तो निवृत्त झाला, पण आजीबाईंची फेक आपण कधीही टाकणार नाही, हे त्याने जाहीरपणे सांगितले होते.

आता या 'बायकी'चेही ऐका. अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत एलेना डेल डॉन या खेळाडूने संपूर्ण कारकिर्दीत ९३ टक्क्यांहून अधिक मोकळ्या फेकी आत टाकल्या. पुरुषांच्या एनबीएत कारकिर्दीची सरासरी तिथवर कोणाचीही गेलेली नाही. ती टाकायची वरूनच, ही गोष्ट निराळी. पण 'मुलींसारखे टाकतोस' म्हणून कोणाला हिणवण्याआधी हा आकडा पाहून घ्यावा.

चेंबरलेनबद्दल वाचले तेव्हा मला आमचे गुरुजी आठवले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. निवृत्त शिक्षक. त्यांचे अक्षर छापल्यासारखे. गावातल्या दुकानांच्या निम्म्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या. पुढे त्यांना हाताच्या कंपाचा आजार जडला. पेन्शनच्या पहिल्या आठवड्यात ते आले. शाखा खच्चून भरलेली, आणि त्यांची सही काही केल्या जुळेना. तीन स्लिपा फाटल्या. अशा वेळी नियमात सोय असते: हात चालत नसेल तर खातेदाराने अंगठा उठवावा, दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. मी आवाज हळू ठेवून त्यांना तसे सुचवले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी शाईचे पॅड खाणात परत ठेवले. म्हणाले, "साहेब, या गावातल्या दोन पिढ्यांना मी सही करायला शिकवलं. रांगेत उभे आहेत त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. मी यांच्यासमोर अंगठा देऊ?" आणि पैसे न घेता ते घरी गेले. महिनाभर त्यांच्या घरी कशावर भागले असेल, देव जाणे.

अंगठ्यात कमीपणा काय आहे? कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. सही बदलते, अंगठा बदलत नाही. पण 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपण बनवून ठेवला आहे, जसा त्यांनी 'ग्रॅनी शॉट' बनवला. शब्द आपण गमतीने बनवतो आणि नंतर कोणीतरी त्याच्यापायी उपाशी राहतो.

पुढल्या महिन्यात मी नव्या नमुना सहीचे कार्ड आणि संयुक्त खात्याचा फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. जन्मभर जे उतरते डेस्क वापरले त्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. कंप होताच, पण सही वाचता येत होती. शेजारी काकूंनी सही केली, ठसठशीत, वळणदार. "लग्नानंतर ह्यांनीच शिकवली," त्या म्हणाल्या. त्यानंतर पेन्शन घ्यायला काकू येऊ लागल्या. गुरुजी बाहेर वडाच्या पारावर बसून राहत. आत मात्र कधी आले नाहीत.

लोक हसत असतानाही आपली रीत न सोडणारी माणसे असतात. यानिस अँटेटोकुंपो हा नायजेरियन आईवडिलांच्या पोटी अथेन्समध्ये वाढलेला खेळाडू २०२१ मध्ये मिलवॉकी बक्सकडून अंतिम फेरीपर्यंत आला. फ्री थ्रोआधी तो फार वेळ घेई. दीर्घ श्वास, चेंडू पुनःपुन्हा जमिनीवर आपटणे. एनबीएच्या नियमाप्रमाणे दहा सेकंदांत फेकायचे असते, म्हणून परक्या मैदानांवर हजारो लोक एका सुरात मोठ्याने आकडे मोजून त्याची टर उडवत. त्या मोसमात त्याची टक्केवारी ६८ होती आणि या चिडवण्याच्या दिवसांत ती आणखी खाली गेली. त्याने घाई केली असती तर कोणी नावे ठेवली नसती. त्याने आपली संथ रीत तशीच ठेवली. २० जुलै २०२१ रोजी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने १९ पैकी १७ मोकळ्या फेकी आत टाकल्या, एकूण ५० गुण केले, आणि मिलवॉकीला पन्नास वर्षांनी अजिंक्यपद मिळाले. त्या दिवशी सामना घरच्या मैदानावर होता, मोजणारे कोणी नव्हते, हे मान्य. पण तिथवर तो मोजणाऱ्यांच्या गराड्यातूनच आला होता.

हे सगळे मी नातीला सांगितलेले नाही. आजोबांनी उदाहरणे देऊ लागावे आणि नातवंडांनी मोबाइल उघडावा, हा आता कुळाचार आहे. ती अजून वरूनच टाकते. पण परवा संध्याकाळी मैदान रिकामे झाल्यावर, मी चप्पल घालत असताना, तिने चार-पाच फेकी खालून टाकून पाहिल्या. मग चेंडू काखेत मारून आली आणि आजूबाजूला पाहत म्हणाली, "कोणी बघत होतं का?" मी म्हटले, "मी बघत होतो की." "तू नाही रे आजोबा, दुसरं कोणी?"

या 'दुसरं कोणी'ला पन्नाशीनंतर तरी माणसाने रजा द्यावी, असे मला वाटते. बाराव्या-तेराव्या वर्षी ते जमत नाही. तेव्हा ते काम कट्ट्यावर बसलेल्यांनी करायचे असते. मुले काही निराळ्या रीतीने करू पाहतील तेव्हा आपण हसायचे नाही. आणि 'लोक हसतील' हे तर घरात उच्चारायचेच नाही. निम्म्या वेळा लोकांनी काही म्हटलेलेच नसते, त्यांच्या वतीने आपणच बोलून मोकळे झालेलो असतो.

टॉम अँबेरी नावाचे अमेरिकेतले एक पायांचे डॉक्टर होते. तरुणपणी ते बास्केटबॉल खेळले होते, पण पुढची सगळी वर्षे लोकांचे पाय बघण्यात गेली. निवृत्तीनंतर पुन्हा चेंडू हाती घेतला. खालून नाही, वरूनच टाकत. पण रोज, न चुकता, एकाच रीतीने: पाय रेघेशी सरळ, चेंडू तीनदा आपटायचा, नजर रिंगवर. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते कॅलिफोर्नियातल्या एका व्यायामशाळेत मोकळ्या फेकी टाकायला उभे राहिले. एकामागून एक त्यांनी २,७५० फेकी आत टाकल्या. मधे एकही चुकली नाही. बारा तास गेले. हा विक्रम तीन वर्षांनी टेड सेंट मार्टिन यांनी ५,२२१ फेकी टाकून मोडला, आणि अँबेरी २०१७ मध्ये गेले. पण त्या रात्री ते थांबले ते हुकले म्हणून नव्हे, दमले म्हणूनही नव्हे. व्यायामशाळा बंद करायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी चेंडू खाली ठेवला.